कांचघरांतील पहिलें यश

कलकत्त्यास जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंस १८६३ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, मुलीनें व जांवयानें कॅमेरा भेट दिला. इंग्लंडांतील वाइट बेटावरील आपल्या घरीं त्यांनीं कोंबड्यांच्या खुराड्याचेंच कांचघर केलें. उजेड काय तो सूर्याचा. कांचेवरील रसायनहि मंद. त्यामुळें मुलांस कांहीं मिनिटें निश्चल बसावें लागे.

एकदां दोन मुलांपैकीं एक मध्येंच खुदकन हसलें आणि चित्र वायां गेलें. मग बाईंनीं एकट्या ॲनीला विनविलें, कीं ती हलली तर आपलें रसायन व श्रम फुकट जातील. ॲनी हलली नाहीं! १८६४ च्या जानेवारींतील त्या चित्रास बाईंनीं ‘माझें पहिलें यश’ म्हटलें. पण श्रेय ॲनीचेंच मानून तिच्यासाठीं भेटी शोधीत त्या घरभर धांवल्या.

आज दिवे उत्तम आहेत. मुलास असें विश्वासांत घेणें मात्र अजूनहि शिकावेंच लागतें.