दहावा धागा : मोजणीच्या भरतकामातील आखणी

फुलीच्या टाक्याचे भरतकाम मोजणीवर उभे असते. नक्षी कापडावर उतरविलेली नसते. उभे-आडवे धागे मोजून प्रत्येक टाक्याची जागा ठरवावयाची असते. एका धाग्याची चूक झाली की पुढील सारी नक्षी तेवढ्याने सरकते, आणि ती बहुधा फार उशिरा ध्यानात येते. ही चूक टाळणारी आखणी व्यापारी मालात कशी शिरली, हे बर्लिनच्या लोकरी भरतकामावरून कळते.

मिस लॅम्बर्ट यांच्या १८४२ च्या हस्तपुस्तिकेनुसार बर्लिनचा चित्रविक्रेता फिलिप्सन याने १८०४-०५ च्या सुमारास चौकटीच्या कागदावर रंगीत नमुना प्रथम छापला. १८१० मध्ये विटिख यांनी पत्नीच्या आग्रहावरून तोच व्यवसाय हाती घेतला. रंग मात्र हातानेच भरले जात. एक चौकट म्हणजे एक टाका, हा संकेत ठरला. पण कागदावरील चौकट कापडावर शोधावयाची कशी? जर्मन सुती कॅनव्हसात दर दहावा धागा पिवळा विणून माग चालविणाऱ्यांनी त्याची सोय केली. शंभर टाक्यांची मोजणी दहा दशकांवर आली. अडचण एकच : पिवळा धागा विणीतलाच असल्याने तो उपटता येत नसे, म्हणून पार्श्वभूमीही टाक्यांनी झाकावी लागे. जेथे मूळ कापड उघडे ठेवावयाचे, तेथे रंगीत दोऱ्याचा धावदोरा दर दहा धाग्यांवर घालून काम संपताच ओढून काढणे हाच मार्ग. दाट विणीच्या कापडावर तर कॅनव्हसच टाचून, दोहोंतून टाके घेऊन, मागाहून त्याचे धागे एकेक करून उपसले जात. मोजणी अशी उसनीही आणता येई.

या सोयींमुळे कला यांत्रिक झाली, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. नमुन्याची निवड छापखान्याकडे गेली, हे नाकारता येत नाही; परंतु घरात शिकविणारे कोणी नसलेल्या स्त्रीलाही हे काम साधू लागले, हे आक्षेपक विसरतात.

तुलनेसाठी धारवाडकडील कसुती पाहावी. तिच्या चार टाक्यांपैकी ‘मेंथी’ हा फुलीचा. कानडीत त्याचा अर्थ मेथी. इरकली लुगड्यावरील रथ, गोपुरे, हत्ती परंपरेने कापडावर काहीही न रेखता भरले जातात. (‘कशिदा’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या फारसी क्रियापदाचा अर्थ ‘ओढणे’, मराठीतही धागा ओढतात आणि रेघही.) तेथे दहावा धागा रंगविलेला नसतो. उलट-सुलट धावदोऱ्याने भरलेल्या ‘गवंती’त सुई निघाल्या वाटेनेच परतते व राहिलेल्या फटी भरते, मोजणी चुकली असल्यास ती परतीच्या वाटेवरच उघडी पडते.