हंगाम संपला, ट्रॅक्टर-ट्रॉली पावसाळ्यासाठी कशी उभी करावी?

धाराशिव : गळीत हंगामाची सांगता झाली, की कारखान्यांच्या आवारातील वाहनांच्या रांगा ओसरतात आणि ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर व ट्रॉल्या गावोगावी परततात. काही ट्रॅक्टर नांगरणी-पेरणीच्या कामाला लागतात; मात्र ट्रॉल्या आणि केवळ ऊस वाहतुकीसाठी घेतलेले ट्रॅक्टर पुढील हंगामापर्यंत पाच-सहा महिने एकाच जागी उभे राहतात. अनेक वाहनमालक शेवटची खेप टाकून वाहन बांधावर किंवा घरामागे जसेच्या तसे लावतात. त्याचे परिणाम दिवाळीच्या आसपास दिसू लागतात. बॅटरी उतरलेली असते, टायरला भेगा पडलेल्या असतात, क्लच चिकटलेला असतो आणि ट्रॉलीचा पत्रा गंजलेला असतो. कर्जाचे हप्ते सुरू असताना हंगामाचे पहिले दिवस गॅरेजमध्ये गेले, तर ते नुकसान भरून निघणे कठीण असते.

थंड हवामानाच्या देशांत सहलीसाठी वापरली जाणारी घरासारखी वाहने हिवाळ्यात बंद करून ठेवतात. नळ्यांतील पाणी गोठून त्या फुटू नयेत, ही तेथील मुख्य चिंता असते. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही. येथे वाहनाचे शत्रू आहेत ते मे महिन्याचे ऊन, पावसाळ्यातील दमट हवा, काळ्या मातीतील चिखल आणि उंदीर. म्हणून ही कामे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, जमीन कोरडी असतानाच उरकणे हिताचे ठरते. दोन माणसांनी मन लावून केल्यास ती साधारणपणे दोन दिवसांत होतात.

जागेची निवड

काळी जमीन पाण्याने फुगते आणि मऊ होते. तिच्यावर उभी केलेली ट्रॉली पावसाळ्यात एका बाजूने रुतते. त्यामुळे एका चाकावर व पाट्यांवर अधिक भार येतो आणि सांगाडा पिळवटण्याची शक्यता असते. मुरूम टाकून दाबलेली, किंचित उताराची व पाणी न साचणारी जागा सर्वांत चांगली. छप्पर असल्यास उत्तम. नसल्यास उंचवटा तरी पाहावा.

ओढा अथवा नदीकाठची शेतजमीन कटाक्षाने टाळावी. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने जिल्ह्यात, विशेषतः परंडा व भूम तालुक्यांत, पुराचे पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले होते. मराठवाड्यात सप्टेंबरचा परतीकडे झुकलेला पाऊसच अनेकदा सर्वांत जोराचा असतो. जून-जुलै कोरडे गेले म्हणून नदीकाठ सुरक्षित समजू नये. वाळलेली पाचट किंवा कडब्याच्या गंजीशेजारीही वाहन लावू नये. तेथे आगीचा धोका असतो आणि उंदरांचे घरही जवळ होते.

धुलाई आधी, आच्छादन नंतर

उसाचा रस, धूळ आणि पाचटाचा भुगा यांचा थर ट्रॉलीच्या सांध्यांत साचतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. त्यामुळे ट्रॉलीची फळी, कोपरे, बिजागऱ्या व चेसीचा खालचा भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. मात्र बेअरिंग, डायनॅमो व वायरिंगच्या जोडांवर थेट फवारा मारू नये. रेडिएटरच्या जाळीतील भुसा आतून बाहेर, म्हणजे पंख्याच्या बाजूने हवा मारून काढावा.

वाहन दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्यावे. त्यानंतर गंज लागलेली जागा घासून तेथे प्रायमर व रंग लावावा. गावाकडे ट्रॉलीला जळके ऑईल लावण्याची पद्धत आहे. त्याने गंज काही प्रमाणात रोखला जातो. परंतु ते टायरवर वा ब्रेकच्या भागांवर सांडू देऊ नये, कारण ऑईलमुळे रबर खराब होते. उरलेले ऑईल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतणे तर सर्वथा चुकीचे आहे.

इंजिन आणि डिझेल

वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये काजळी, ओलावा आणि ज्वलनातून तयार झालेली आम्ले असतात. तेच ऑईल सहा महिने इंजिनात राहिल्यास बेअरिंगचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. म्हणून ऑईल नवीन हंगामाच्या तोंडावर नव्हे, तर वाहन उभे करण्यापूर्वी बदलावे. इंजिन गरम असताना जुने ऑईल काढावे, फिल्टर बदलावा, नवे ऑईल भरावे आणि ते सर्वत्र पोहोचेल इतका वेळ इंजिन चालवावे.

डिझेलची टाकी अर्धी ठेवू नये. रिकाम्या जागेतील दमट हवा रात्री थंड होऊन टाकीच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमतात. ते तळाशी साचतात, त्यात जिवाणूंची वाढ होते आणि शेवाळासारखा गाळ तयार होतो. हा गाळ फिल्टर तुंबवतो, तर पाण्यामुळे पंप व नोझल गंजतात. टाकी जवळजवळ भरून ठेवावी. उन्हाने डिझेल प्रसरण पावते, म्हणून वर थोडी जागा सोडावी. डिझेल फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी काढून टाकावे.

बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. रेडिएटरमध्ये केवळ असे पाणी असल्यास ते काढून, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कुलंटचे मिश्रण भरावे. कुलंटचा उपयोग गोठण्यापासून बचावापुरता नसून ते गंजही रोखते.

सायलेन्सरच्या नळीवर डबा उपडा घालावा आणि एअर क्लीनरचे तोंड कापडाने बांधावे. कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचे घर करते. तोंडे बंद केल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी, म्हणजे कोणी नकळत इंजिन सुरू करणार नाही.

बॅटरी घरात ठेवावी

उभ्या वाहनात सर्वांत आधी निकामी होणारा भाग म्हणजे बॅटरी. काहीही चालू नसले तरी ती हळूहळू उतरते आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो. पूर्ण उतरलेल्या स्थितीत राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही.

बॅटरी काढताना आधी ऋण टोकाची वायर सोडवावी; बसवताना ती शेवटी जोडावी. टोकांवरील पांढरा थर सोडा मिसळलेल्या गरम पाण्याने पुसून त्यावर पेट्रोलियम जेली लावावी. पाण्याची पातळी फक्त डिस्टिल्ड वॉटरने भरावी. बोअरचे किंवा नळाचे पाणी वापरू नये. कोरड्या, हवेशीर खोलीत लाकडी फळीवर बॅटरी ठेवून महिन्यातून एकदा तपासावी. पूर्ण चार्ज झालेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे माप स्थिरावल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट असते. ते १२.४ पर्यंत उतरले, की चार्जिंग करावे. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ चूल, विडी वा ठिणगी नसावी.

टायरवरील भार उतरवा

एकाच जागी महिनोन् महिने भार पेलणाऱ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. हवा कमी झाल्यावर बाजूची भिंत दुमडते आणि तेथे भेगा पडतात. ट्रॉली रिकामी करून आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत आणि चाके जमिनीपासून थोडी वर राहतील असे पाहावे. केवळ जॅकच्या आधारावर वाहन कधीही उभे ठेवू नये. हे शक्य नसल्यास हवा योग्य दाबाने भरावी आणि दर महिन्याला चाक पाव फेरा पुढे सरकवावे. टायरवर थेट ऊन पडू नये यासाठी पोती किंवा जुने कापड टाकावे.

टायर बदलायचा की नाही, हे याच वेळी ठरवावे. टायरच्या बाजूवर चार आकडी अंक असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा, तर शेवटचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी बाजूला खोल भेगा असलेला टायर उसाच्या भारासाठी धोकादायक असतो.

क्लच, हायड्रॉलिक व ग्रीस

दीर्घकाळ उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट ओलाव्याने चिकटू शकते. त्यासाठी पेडल दाबून लाकडाच्या तुकड्याने अडकवून ठेवतात. आपल्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतील सूचना पाहून हे करावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो जाम होतो. त्याऐवजी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. हायड्रॉलिकचे हात खाली सोडावेत. उलटणारी ट्रॉली उचललेल्या अवस्थेत कधीही ठेवू नये. सर्व निपलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. हिचची पिन व तिचे भोक झिजले आहे का, हेही पाहावे.

आच्छादनासाठी ताडपत्री वापरावी, पण ती जमिनीपर्यंत घट्ट बांधू नये. हवा खेळती राहिली नाही, तर आत ओलावा कोंडतो आणि उघड्यावरील वाहनापेक्षा अधिक गंज धरतो. चावी काढून घ्यावी. उभे वाहन ही मुलांची खेळायची जागा होऊ देऊ नये.

मधूनमधून इंजिन सुरू करावे का?

दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याची सवय उपयोगाची नाही. इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑईलमध्येच राहते. वाहन नीट बंद करून ठेवले असल्यास ते तसेच राहू द्यावे. सुरू करायचेच असेल, तर बांधलेली तोंडे उघडून, इंजिन पूर्ण गरम होऊन वीस मिनिटे तरी चालेल असे पाहावे.

विमा व पूर

वाहन उभे आहे म्हणून विम्याचे नूतनीकरण टाळण्याकडे कल असतो. मात्र केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास पुराने झालेली स्वतःच्या वाहनाची हानी भरून मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. मुदत संपून ९० दिवस उलटल्यास दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही जाते. वाहन पाण्यात बुडाल्यास इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे काम मोठ्या खर्चाचे होते. छायाचित्रे काढून विमा कंपनीस तातडीने कळवावे.

खंडेनवमीपूर्वी तपासणी

गाळप सुरू होण्याची तारीख दरवर्षी बदलते. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरपासून, तर २०२५-२६ चा १ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचा निर्णय झाला होता. त्यामुळे तारखेची वाट न पाहता खंडेनवमीच्या पूजेपूर्वी वाहन सज्ज करणे सोयीचे. नळ्यांची तोंडे उघडावीत, उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे का ते पाहावे, ऑईल व पाण्याची पातळी तपासावी, बॅटरी जोडावी, क्लचचा ठोकळा काढावा आणि टायरमध्ये हवा भरावी. प्रथम रिकाम्या ट्रॉलीसह फेरी मारून ब्रेक तपासावेत. चाकांचे हब हाताला जास्त गरम लागत नाहीत ना, हेही पाहावे.

शेवटचे काम सर्वांत कमी खर्चाचे, पण सर्वांत महत्त्वाचे आहे. ट्रॉलीच्या मागील दिव्यांची वायर दुरुस्त करावी आणि पावसाळ्यात फिकट झालेल्या रिफ्लेक्टर पट्ट्या बदलाव्यात. ऊस वाहतूक रात्रभर चालते. रस्त्यात बंद पडलेली, दिवे नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात दिसत नाही. हा धोका टाळण्याची तयारी वाहन उभे करण्याच्या दिवशीच सुरू होते.