प्रवाळाचा चुरा करणारा टेंगूळधारी पोपटमासा

उष्ण कटिबंधातील पोपटमाशांमध्ये आकाराने सर्वांत मोठी असलेली ही जाती कपाळावरील ठळक टेंगळामुळे सहज ओळखता येते. तिचे शास्त्रीय नाव ‘बोल्बोमेटोपॉन म्यूरिकॅटम’. पूर्ण वाढलेला मासा १.३ मीटर लांब व ४६ किलोग्रॅम वजनाचा असू शकतो. आयुर्मान सुमारे ४० वर्षे. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत त्याचा वावर असून भारतात अंदमानच्या समुद्रात पाणबुड्यांना त्याचे कळप दिसतात.

त्याचे दात एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. त्यांनी प्रवाळाचा कठीण सांगाडा फोडायचा, घशातील दातांनी तो दळायचा आणि उरलेला चुरा पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर टाकायचा, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरील २००३ च्या अभ्यासानुसार एक मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळखडक गिळतो. त्यातील जवळजवळ निम्मा भाग जिवंत प्रवाळाचा असतो. एवढ्यावरून त्यास प्रवाळांचा वैरी ठरवणे मात्र घाईचे होईल. मृत सांगाडे व त्यांवरील शेवाळ हटल्याने नव्या प्रवाळांना रुजण्यास जागा मिळते, आणि प्रवाळबेटांच्या पुळणींना वाळू.

टेंगळाचा एक उपयोग बराच उशिरा उजेडात आला. प्रशांत महासागरातील वेक बेटाजवळ नर मासे वेगाने येऊन परस्परांना डोक्याने धडका देतात, असे निरीक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. धडकेचा आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. अशी झुंज आधी नोंदली न जाण्याचे कारण बहुधा हेच, की अन्यत्र शिकारीमुळे मासेच विरळ झाले होते.

या शिकारीस माशाची सवय कारण ठरते. रात्री हे मासे उथळ पाण्यात कळपाने झोपतात. पाण्याखाली चालणारे टॉर्च आल्यापासून भालाधारी कोळ्यांना झोपलेला अख्खा कळप एका रात्रीत टिपणे शक्य झाले. वयात येण्यास अनेक वर्षे लागत असल्याने ही तूट लवकर भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची गणना ‘असुरक्षित’ वर्गात केली आहे. सॉलोमन बेटांवर तर दुसरे संकट जमिनीवरून आले: जंगलतोडीनंतर वाहून येणारा गाळ ज्या उथळ खाजणांत साचतो, तेथेच या माशाची पिल्ले वाढतात.