राजा सापडला, राजवाड्याचं काय?

आमच्या परभणी जिल्ह्यात गंगाखेडला कुणालाही विचारा, जनाबाईंसोबत विठ्ठल दळायला बसत असे, हे तो सांगेल. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात मीही करामतींच्या गोष्टी ऐकत आलो. पण ‘हे खरं का?’ असं विचारलं, की माणूस अडखळतो. अशा वेळी इतिहास काय करतो, ते एका जुन्या ख्रिस्ती कथेवरून पाहू.

येशूचा शिष्य थॉमस भारतात आला, असं तिसऱ्या शतकातला ‘थॉमसची कृत्ये’ हा सिरियाक भाषेतला ग्रंथ सांगतो. गुदनाफर राजा त्याला राजवाडा बांधायला पैसे देतो, थॉमस ते गोरगरिबांना वाटून टाकतो. राजा त्याला कैदेत टाकतो. इतक्यात राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात आपल्या भावासाठी बांधलेला राजवाडा पाहतो आणि जिवंत होऊन तसं सांगतो.

या राजाचा दुसरीकडे पत्ताच नव्हता. एकोणिसाव्या शतकात मात्र वायव्य भारतात गोंडोफारिस राजाची नाणी सापडली. पेशावरकडच्या तख्त-ए-बाही इथल्या शिलालेखात त्याच्या राज्याचं २६ वं वर्ष आणि संवत १०३ असा उल्लेख मिळाला. विक्रम संवताचा हिशेब धरला तर इ. स. ४६. म्हणजे राजा येशूच्या शिष्यांच्याच काळातला!

मग थॉमसही आला असेल? इथं घाई नको. नाणं राजाची साक्ष देतं, पाहुण्याची नाही. ग्रंथ तर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. शिवाय केरळची परंपरा थॉमसला इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरला उतरवते, तिकडे गोंडोफारिसचं राज्य नव्हतं.

आपल्या किनाऱ्याचा पुरावा वेगळा आहे. इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कोस्मासनं ‘कल्लियाना’ इथं इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं. ते आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ही स्वतःच्या काळाबद्दलची नोंद आहे, म्हणून तिचं वजन जास्त. पण तिच्या आधारानं पाच शतकं मागे, थॉमसपर्यंत जाता येत नाही.

राहिला स्वर्गातला राजवाडा. तो कुठल्याच उत्खननात सापडायचा नाही. गरिबाला दिलेला पैसा वाया जात नाही, असं मानणाऱ्यांनी ती कथा जपली, एवढं मात्र नक्की कळतं.

एक पथ्य मी पाळतो. दुसऱ्याच्या संताला लावलेला तराजू आपल्या पिरालाही लावायचा. त्यानं श्रद्धा कमी होत नाही. उरुसात मी आजही तितक्याच आदरानं जातो.