टोमॅटो : फळ की भाजी?

‘टोमॅटो’ हा शब्द मूळचा मेक्सिकोतला. तिथल्या नाहुआत्ल भाषेत ‘तोमात्ल’ म्हणजे रसाने टरारलेलं फळ. आपल्या लाल टोमॅटोला ‘शितोमात्ल’ म्हणत. स्पॅनिशांनी ‘तोमाते’ केलं, इंग्रजांनी ‘टोमॅटो’. वऱ्हाडात मात्र ते ‘भेदरं’.

हाच टोमॅटो न्यूयॉर्कमध्ये कोर्टाची पायरी चढला. १८८३ च्या कायद्याने अमेरिकेत आयात भाज्यांवर १० टक्के जकात होती, फळांना माफी. १८८६ मध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्या टोमॅटोंवर जकात अधिकारी एडवर्ड हेडन यांनी ती वसूल केली. ते आयात करणाऱ्या निक्स कुटुंबाच्या पेढीने दावा लावला. कोर्टात चक्क शब्दकोश वाचले गेले. पेढीने ‘फळा’ची व्याख्या पुढे केली, तर सरकारी वकिलांनी वांगं, काकडी, वाटाणा यांच्या. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिलं, की वनस्पतिशास्त्रात टोमॅटो फळच. पण लोकांच्या बोलण्यात भाजी, कारण तो मुख्य जेवणात खातात, शेवटच्या गोडात नाही. जकात कायम राहिली.

शब्दाचा अर्थ कोश नोंदवतो; तो ठरतो बाजारात आणि स्वयंपाकघरात. न्यायालयाने बोलणाऱ्यांचा हा हक्क मानला, याचं मोल मला मोठं वाटतं.