लहान धरणांचे धोका व सुरक्षा वर्गीकरण

धरण फुटल्यास खालच्या खोऱ्यात किती माणसे, घरे, जनावरे, शेती व रस्ते पाण्याखाली सापडतील, यावरून ठरणारी श्रेणी म्हणजे त्या धरणाचा धोका वर्ग. धरण आज किती ठणठणीत आहे, हे तपासणीनंतर सांगणारी श्रेणी म्हणजे स्थिती वर्ग. या दोहोंची गल्लत सर्रास होते. एकही तडा नसलेले नवे धरण वरच्या धोका वर्गात असू शकते, कारण त्याच्या पायथ्याशी वाडी असते. उलट, गळके आणि झुडपांनी वेढलेले धरण खालच्या धोका वर्गात राहू शकते, कारण त्याच्याखाली दूरवर नुसता ओढा आणि रान असते. धोका वर्गाचा अंदाज खालच्या खोऱ्याचा नकाशा पाहून येतो. स्थिती वर्गासाठी मात्र भरावावरून पायी फिरावे लागते.

केंद्रीय जल आयोगाने 2020 मध्ये धोका वर्गीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत संभाव्य जीवितहानी, मालमत्तेचे नुकसान, प्रकल्पाचे मूल्य आणि पर्यावरण व सांस्कृतिक ठेव्याची हानी या बाबी एकत्र मोजून धरणांचे चार वर्ग केले आहेत. चौथा वर्ग सर्वांत गंभीर. तपासणीतील त्रुटींची मांडणी याच्या उलट चालते : पहिल्या वर्गातील त्रुटी धरण फुटण्याकडे नेऊ शकतात, दुसऱ्या वर्गातील त्रुटी मोठ्या पण दुरुस्त होण्याजोग्या व तातडीच्या असतात, तिसऱ्या वर्गातील किरकोळ. म्हणून ‘धरण पहिल्या वर्गात आहे’ एवढेच ऐकून काहीच कळत नाही. कोणत्या यादीतला पहिला वर्ग, हे आधी विचारावे लागते.

धरण ‘लहान’ आहे हेही कोणत्या मापाने, हे पाहावे लागते. सिंचनाच्या हिशेबात 2,000 हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेला प्रकल्प लघु ठरतो. सांडव्याची क्षमता ठरवणाऱ्या 1985 च्या भारतीय मानकात (क्रमांक 11223) 0.5 ते 10 दशलक्ष घनमीटर (दलघमी) साठ्याचे आणि 7.5 ते 12 मीटर पाण्याच्या उंचीचे धरण लहान मानले आहे. अशा धरणाचा सांडवा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधतात. ‘100 वर्षांतून एकदा’ हे ऐकायला निर्धास्त वाटते, पण त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता एवढाच. धरणाच्या 50 वर्षांच्या आयुष्यात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के भरते. खालचा धोका विशेष मोठा असेल तर याहून मोठा पूर धरावा, अशी मुभा त्याच मानकात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, वस्तीच्या डोक्यावर बांधलेल्या प्रत्येक तलावासाठी ही मुभा नियम म्हणूनच पाळायला हवी.

लहान साठा म्हणजे लहान संकट, हा समज किती घातक आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात दिसले. तेथील तिवरे धरण हा मातीचा लघुपाटबंधारे प्रकल्प. साठा जेमतेम अडीच दलघमी. 2 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात ते फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे दगावली. भरावातून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. खेकड्यांनी भराव पोखरल्याचे त्या वेळच्या मंत्र्यांनी म्हटले आणि त्यावरून राज्यभर संतापाची लाट उसळली. मातीच्या भरावाला खेकडे, उंदीर, घुशी यांची बिळे अपाय करतात, हे खरेच आहे; म्हणूनच बिळे शोधून ती वेळच्या वेळी बुजवणे हे देखभालीतले नेहमीचे काम आहे. ते झाले नसेल तर दोष प्राण्यांकडे जात नाही.

अशा दुर्घटनेत साठ्यापेक्षा अंतर निर्णायक ठरते. मोठ्या धरणाच्या खाली दूरवर असलेल्या शहराला इशारा द्यायला काही तास मिळू शकतात. वाडीच्या माथ्यावरचा तलाव फुटला तर हाती मिनिटेच असतात. त्यातून वेळ रात्रीची, वीज गेलेली आणि पावसाचा आवाज इतका की ओरडलेले ऐकू येऊ नये. जीवितहानीचा अंदाज बांधताना इशाऱ्याला मिळणारा वेळ हा फार वजनदार घटक धरतात तो यामुळेच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील केली बार्न्स हे छोटे मातीचे धरण 6 नोव्हेंबर 1977 रोजी मध्यरात्रीनंतर फुटून 39 जण मरण पावले. तेथे धरण तपासणीचा कायदा 1972 पासूनच होता; या घटनेनंतर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी जास्त धोक्याच्या, केंद्र सरकारच्या मालकीबाहेरील धरणांची तपासणी प्रत्यक्ष सुरू करायला लावली.

स्थिती वर्ग ठरतो तो भरावावर. पावसाळ्यापूर्वी तलाव खाली गेलेला असताना पाण्याकडच्या उताराचे दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, कोठे खचले आहे ते दिसते. माथ्यावरून चालताना लांबीच्या दिशेने गेलेली भेग आडव्या भेगेपासून वेगळी ओळखावी लागते : लांबीतली भेग उतार घसरत असल्याची खूण असू शकते, तर भराव आडवा कापणारी भेग पाण्याला आरपार वाट देते. खालच्या उतारावर वाढलेली बाभूळ नुसती तोडून भागत नाही. तिची मुळे आत कुजली की तेथे पोकळ नळी राहते. पण अनुभवी कर्मचारी सर्वांत आधी पाहतो तो पायथ्याचा पाझर. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणारच. ते गाळणीतून स्वच्छ बाहेर पडावे अशीच रचना असते. पाझर काचेसारखा नितळ आणि मोजमापात स्थिर असेल तर काळजी नसते. तो गढूळ झाला, अथवा तलावाची पातळी तीच असताना वाढला, तर आतून माती वाहून जाते आहे असे समजायचे. मग भराव आतल्या आत पोखरत जातो आणि वरून धड दिसणारे धरण काही तासांत बसते. भरावातून जाणारी मोरी ही अशीच नाजूक जागा, कारण बांधकाम आणि माती यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते. 12 जुलै 1961 रोजी फुटलेल्या पानशेत धरणातही मोरीवरचा भराव खचला होता. सांडवा मोकळा आहे का, हे पाहायला तर अभियंताही लागत नाही. मासे अडवण्यासाठी सांडव्यावर लावलेली जाळी किंवा जास्त पाणी साठावे म्हणून रचलेल्या वाळूच्या गोण्या पुराच्या रात्री पाणी भरावाच्या माथ्यावरून वळवतात, आणि माथ्यावरून वाहणारे पाणी मातीचे धरण सोसत नाही.

धोका वर्ग कायमचा नसतो. धरण बांधताना खाली केवळ शिवार असते. पाणी आले की विहिरींना पाझर वाढतो, बागायत होते, रस्ता येतो आणि त्यामागून घरे, शाळा, ढाबे येतात. धरणाची एक वीटही हललेली नसते, तरी त्याचा धोका वर्ग वर गेलेला असतो. सांडवा मात्र जुन्या वर्गाच्या हिशेबाचाच राहतो. ग्रामपंचायतीने नाल्याकाठी घराला परवानगी देताना वरच्या तलावाचा पूरमार्ग पाहिला, तर ही वाढ पुष्कळ रोखता येईल.

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. 15 मीटरहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे 500 मीटर लांबी किंवा 1 दलघमी साठा अशांपैकी एखादी अट पूर्ण केल्यास येतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर, तसेच पूर व भूकंपाच्या वेळी तपासणी करणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात देशातील सर्वाधिक मोठी धरणे आहेत. त्यांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या राज्य संघटनेचे कार्यालय नाशिकला आहे. 10 मीटरहून बुटके पाझर तलाव, गाव तलाव आणि साठवण तलाव या कायद्याबाहेर राहतात. त्यांतले पुष्कळ जिल्हा परिषदेकडे किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे आहेत. काही दुष्काळी कामांतून घाईने उभे राहिलेले. त्यांच्याबाबत पहिले काम खर्चाचे नाही : प्रत्येक तलावाखालची घरे मोजणे, ती यादी तलाठी व पोलीस पाटील यांच्याकडे ठेवणे, आणि पाझर गढूळ दिसला तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक तलावाच्या फलकावर व वाडीत लिहून ठेवणे.