भरपाईतून गेलेला मुलूख

मी सिल्वासातल्या छोट्या सूतकारखान्यांचे हिशेब लिहितो; घर गलोंड्यात. आमचं नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेलं तेच मुळी नुकसानभरपाईपोटी. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमारानं त्यांचं ‘सांताना’ जहाज पकडलं. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पेशव्यांनी भरपाई कबूल केली आणि १७८३ मध्ये ७२ गावांचा वसूल पोर्तुगिजांच्या हाती गेला. समुद्रावरच्या त्या भांडणाची किंमत इथल्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांनी १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपेपर्यंत मोजली.

दुसऱ्यांच्या भांडणाची किंमत मोजायची वेळ आज इथल्या कारखान्यांवरही येऊ शकते. १९६५ मध्ये सिल्वासाजवळ पिपरियात औद्योगिक वसाहत उभी राहिली. कर्ज देताना बँक आगीचा विमा मागते, म्हणून यंत्रांचा विमा उतरवला जातो. टॅलीतल्या उधारीचा, जीएसटीच्या नोंदींचा मात्र कुणी विचार करत नाही. बॅकअपचा पेनड्राइव्ह दिवसभर त्याच संगणकाला लावलेला असतो; व्हायरस शिरला की दोन्ही गेले.

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्यानं न्हावा-शेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प केलं. त्याच हल्ल्यात नुकसान झालेल्या मर्क या औषध कंपनीला विमा कंपन्यांनी ‘हे युद्ध आहे’ म्हणत भरपाई नाकारली; २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयानं मर्कच्या बाजूनं निकाल दिला. तो दावा मालमत्तेच्या पॉलिसीवरचा होता, सायबर विम्यावरचा नव्हे. छोट्या कारखानदाराला एवढं लढणं परवडायचं नाही.

म्हणून सायबर विमा जरूर घ्या, पण सही करण्याआधी युद्धाचं नुकसान वगळणारं कलम एजंटाकडून वाचून, समजावून घ्या. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.